इंग्रजी घराची ऊब आणि तिचा धूर

इंग्रजी वाङ्मय शिकवितांना एक अडचण आम्हांला वर्षानुवर्षें जाणवत आली आहे. कवितेंत किंवा कादंबरींत 'फायरसाइड' हा शब्द आला, कीं विद्यार्थी त्याचा अर्थ 'शेकोटीजवळ' असा सांगून मोकळे होतात. अर्थ अगदींच चुकलेला नसतो. परंतु मूळ शब्दांतली ऊब त्यांत उतरत नाहीं. आपली शेकोटी अंगणांतली, हुरड्याच्या रात्रींची, हौसेची. आपली चूल स्वयंपाकघरांतली, आणि स्वयंपाक आटोपला कीं ती विझावी अशीच घरांतल्या सर्वांची इच्छा. उलट, बैठकीच्या खोलीचें दैवतच अग्नि आहे, त्याच्यापुढें सारें कुटुंब अर्धवर्तुळ करून बसलें आहे, आणि बाहेर दुपारीं चार वाजतांच अंधार पडून हाडें गोठविणारा वारा सुटला आहे, हें चित्र सातारच्या किंवा अमरावतीच्या मुलाच्या डोळ्यांपुढें उभें राहावें कसें? डिकन्सनें १८४५ सालीं आपल्या एका नाताळच्या गोष्टीला चुलीपाशीं किरकिरणाऱ्या रातकिड्याचें नांव दिलें. त्यांतलें मर्म कळण्यास आधीं ती चूल कळली पाहिजे.

ती कळावी म्हणून आम्ही इंग्रजी घराच्या इतिहासाचीं पानें चाळूं लागलों, तेव्हां जें हातीं आलें तें शब्दार्थापुरतें राहिलें नाहीं. हिंवाळ्यासाठीं घर उबदार करण्याची ती कथा म्हणजे मुख्यतः धूर दूर लोटण्याची कथा आहे. आणि धूर हा पदार्थच असा आहे, कीं आपल्या खोलींतून काढला म्हणून तो नाहींसा होत नाहीं, दुसऱ्या कोणाच्या तरी वाट्यास जातो. इंग्रजी घरांतला धूर कोणाकोणाच्या वाट्यास गेला, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखांत विचार आहे.

प्रथम त्या देशांत हिंवाळ्याची तयारी म्हणजे काय, हें ध्यानांत घेतलें पाहिजे. आपल्याकडे जी धांदल मृगापूर्वीं उडते, ती तिकडे नोव्हेंबरच्या सुमारास उडत असे. आपण घर शाकारावें, सरपण व गोवऱ्या कोरड्या जागीं रचाव्या, पापड-लोणच्यांची बेगमी करावी. तसें इंग्रज शेतकऱ्यानें लांकडें फोडून रचावीं, जेथें रान नाहीं तेथें दलदलींतील जळाऊ माती कापून वाळवावी, आणि ११ नोव्हेंबरला येणाऱ्या सेंट मार्टिनच्या सणाच्या सुमारास, हिंवाळाभर ज्यांना वैरण पुरणार नाहीं तीं जनावरें मारून त्यांचें मांस मिठांत घालावें. श्रीमंतांच्या वाड्यांत भिंतींवर विणीव चित्रांचे जाड लोंकरी पडदे टांगीत. ते शोभेसाठीं असत, तसेच दगडी भिंतींचा गारठा अडविण्यासाठींहि असत. पलंगालाहि चारी बाजूंनीं पडदे सोडीत, म्हणजे थंड खोलींत आणखी एक लहानशी उबदार खोली तयार होई. निजण्यापूर्वीं अंथरूण तापविण्यासाठीं निखारे भरलेलीं, झांकणाचीं व लांब दांड्याचीं तबकें त्यावरून फिरवीत. परंतु या सर्व तजविजी दुय्यम. मुख्य आधार अग्नीचा.

हा अग्नि चौदाव्या शतकांतील धनिकाच्या वाड्यांतहि कोठें असे, हें पाहिलें म्हणजे आश्चर्य वाटतें. तो दिवाणखान्याच्या ऐन मध्यभागीं, जमिनीवर, उघडा जळत असे. केंट परगण्यांत पेन्सहर्स्ट येथें १३४१ सालीं बांधलेला असा एक दिवाणखाना अद्यापि उभा आहे, आणि त्याच्या मध्यभागीं अष्टकोनी अग्निस्थान आजहि पाहावयास मिळतें. आपल्या माणसाला तें पाहून यज्ञकुंडाचीच आठवण व्हावी. धुराला वाट म्हणजे छपरांत ठेवलेला एक झरोका. धुराच्या मनांत आलें तर त्यानें त्यांतून जावें. नाहीं तर तुळयांखालीं घुटमळत राहावें. धनी, धनीण, पाहुणे, चाकर आणि कुत्रीं या सर्वांना मिळून एकच आग. धनी तिच्या जवळ व चाकर दाराशीं, एवढा भेद असेल. परंतु धूर मात्र सर्वांच्या डोळ्यांत सारखाच जाई.

असली उघडी आग रात्रीं तशीच राहिली तर लांकडी घरांच्या गांवाला तो मोठाच धोका. म्हणून ठराविक वेळीं घंटा होतांच प्रत्येकानें आग झांकावी असा दंडक असे. इंग्लंडांत ही चाल विल्यम विजेत्यानें घालून दिली, अशी परंपरा आहे. 'आग झांका' या अर्थाचे जे जुने फ्रेंच शब्द, त्यांपासून 'कर्फ्यू' हा शब्द झाला. दंग्याधोप्याच्या दिवसांत हा शब्द आपल्याकडे पोरासोरांच्याहि तोंडीं असतो. पण त्याच्या मुळाशीं बंदूकवाला शिपाई नसून राखेखालीं झांकलेला निखारा आहे, हें किती जणांच्या ध्यानांत येत असेल?

भिंतींत बांधलेलें धुराडें किल्ल्यांतून बाराव्या शतकापासून आढळतें. परंतु साध्या घरांत त्याचा सरसहा प्रवेश झाला तो सोळाव्या शतकांत. एसेक्समधील विल्यम हॅरिसन नांवाच्या एका पाद्र्यानें १५७७ सालीं आपल्या देशाचें वर्णन प्रसिद्ध केलें. गांवच्या म्हाताऱ्यांना आपल्या हयातींत कोणत्या तीन गोष्टी फार बदललेल्या दिसल्या, हें त्यानें त्यांत नमूद केलें आहे. पहिली, जिकडे तिकडे झालेलीं धुराडीं. दुसरी, गवताची गादी व उशाचा ओंडका जाऊन आलेलें मऊ अंथरूण. आणि तिसरी, लांकडी ताटवाट्यांच्या जागीं आलेलीं धातूचीं भांडीं. मात्र हॅरिसनचा सूर निव्वळ आनंदाचा नाहीं. पूर्वींच्या धुरानें घराचीं लांकडें टणक राहत व माणसांची प्रकृति निकोप राहत असे. आतां धुराडीं झालीं आणि लोक पडशाखोकल्यानें बेजार झाले, अशी त्याची तक्रार आहे. मागच्या पिढीचा धूर आरोग्यदायी वाटणें हा मनुष्यस्वभावच दिसतो!

हॅरिसनला न दिसलेला एक परिणाम आज आपणांस दिसतो. आग भिंतीला टेकली तेव्हां छपराखालची मोठी पोकळी धुरापासून मोकळी झाली. तेथें मजला घालतां आला, मजल्यावर खोल्या काढतां आल्या, आणि ऐपतीप्रमाणें खोलीगणिक चूल मांडतां आली. जी आग सर्वांना एकत्र बसवीत होती, तिनेंच आतां त्यांना वेगळें केलें. धन्याची चूल निराळी, मुलांची निराळी. चाकराच्या माळ्यावर पुष्कळदां चूलच नाहीं. इंग्रजांच्या ज्या एकांतप्रियतेविषयीं आपण इतकें ऐकतों, तिचा पाया घालण्यांत या धुराड्याचाहि थोडाबहुत हात असावा, असें आम्हांस वाटतें.

धुराडें आलें तसा त्याच्या पाठोपाठ दगडी कोळसा आला. तो इंग्लंडांत नवा नव्हता. न्यूकॅसलहून तो गलबतांनीं लंडनला येई, म्हणून त्याला 'समुद्री कोळसा' म्हणत. परंतु त्याच्या उग्र धुरामुळें प्रतिष्ठितांना त्याचा तिटकारा असे. तिसऱ्या हेन्रीची राणी एलिनॉर हिनें १२५७ सालीं या धुराला कंटाळून नॉटिंगहॅमचा मुक्काम हालविला. चौदाव्या शतकाच्या आरंभीं पहिल्या एडवर्डनें लंडनच्या भट्ट्यांतून तो जाळण्यास मनाई केली. पुढें शहर वाढलें, आसपासचीं रानें तुटलीं, लांकूड महागलें, आणि सोळाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत राजाज्ञेला जें साधलें नाहीं त्याच्या उलट गरजेनें घडविलें. ज्या कोळशाला नाकें मुरडलीं जात, तोच घराघरांत जळूं लागला. जॉन एव्हलिन या विद्वानानें १६६१ सालीं लंडनच्या धुराविरुद्ध एक पुस्तक लिहून दुसऱ्या चार्ल्स राजाला अर्पण केलें. राजानें धुराचें कांहीं केलें नाहीं. परंतु पुढल्याच वर्षीं सरकारला धुराड्यांखालीं उत्पन्न दिसलें. १६६२ च्या कायद्यानें दर चुलीमागें वर्षाला दोन शिलिंग कर बसला. अगदीं दरिद्री माणसांना त्यांतून सूट होती. पण चुली मोजण्यासाठीं सरकारी माणूस घरांत शिरतो, ही गोष्ट लोकांना कराहूनहि अधिक झोंबली. अखेर १६८९ सालीं नव्या राजाराणीनें तो कर रद्द केला.

दरम्यान १६८३-८४ चा भयंकर हिंवाळा येऊन गेला होता. थेम्स नदी गोठली, तिच्यावर दुकानें थाटलीं, लोक बर्फावरून गाड्या हांकूं लागले. या जत्रेचें वर्णन पुष्कळ इतिहासकार हौसेनें करितात. परंतु त्याच एव्हलिननें जानेवारी १६८४ मध्यें आपल्या रोजनिशींत आणखी एक गोष्ट टिपून ठेवली आहे: थंड हवेमुळें कोळशाचा धूर वर चढेना, तो रस्त्यांतच सांचला, समोरची बाजू दिसेना आणि छातींत श्वास मावेना. जितकी थंडी अधिक, तितक्या चुली अधिक. आणि जितकी थंडी अधिक, तितका धूर खालीं. ही जोडी वाचकांनीं लक्षांत ठेवावी. पुढें तिच्याशीं पुन्हां गांठ पडणार आहे.

इतकें सोसूनहि ही उघडी चूल घर तापविण्याच्या कामीं मोठी उधळी होती. तिच्या उष्णतेचा मोठा भाग धुराड्यांतून थेट आकाशांत जाई. माणूस पुढून भाजे आणि पाठीनें गारठे. जर्मनींत व रशियांत माती-विटांची बंद भट्टी घर तापवीत असे. अमेरिकेंत बेंजामिन फ्रँकलिननें लोखंडी चूल काढून १७४४ सालीं तिची माहिती छापली, आणि देऊं केलेला मक्ताहि लोकोपयोगासाठीं नाकारला. परंतु इंग्रजाला ज्वाळा डोळ्यांनीं दिसल्यावांचून ऊब आल्यासारखें वाटेना. तेव्हां उघडी चूल ठेवून तीच सुधारण्याचें काम काउंट रम्फर्ड यानें केलें. त्याचें मूळ नांव बेंजामिन टॉम्सन. जन्म १७५३ सालीं मॅसॅच्युसेट्समध्यें. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धांत तो राजपक्षाचा होता, आणि पुढें बव्हेरियाच्या अधिपतीच्या पदरीं राहून काउंट झाला. तोफेच्या नळीला भोंक पाडतांना धातु किती तापतो हें पाहून, उष्णता हें द्रव्य नसून गतीचा एक प्रकार आहे असें १७९८ सालीं मांडणारा शास्त्रज्ञ तो हाच. चुलीविषयींचा त्याचा निबंध १७९६ चा. धुराड्याचा गळा सुमारें चार इंचांपर्यंत अरुंद करा, आणि चुलीच्या बाजू तिरप्या करा, म्हणजे धूर वर व उष्णता खोलींत येईल, एवढेंच त्याचें सांगणें. परंतु त्यानें घरोघर क्रांति केली. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी' या कादंबरींतील नायिका जुन्या मठांत भव्य, भयानक, कोरीव चूल पाहण्याच्या आशेनें जाते, आणि तेथें तिला आटोपशीर रम्फर्डची चूल दिसून तिचा विरस होतो, तो प्रसंग आमच्या विद्यार्थ्यांना ठाऊक असेलच.

या निबंधांत एक बारीकशी सूचना आहे. गळा इतका अरुंद केल्यावर धुराडें साफ कसें करावें? रम्फर्डनें त्याचीहि सोय सांगितली आहे: मागल्या बाजूस कांहीं भाग सुटा ठेवावा, म्हणजे तो काढून धुराडें झाडणाऱ्याला आंत शिरतां येईल. हा शिरणारा कोण होता? तें एक लहान पोर होतें.

कोळशाची काजळी चिकट असते. ती खरवडली नाहीं तर धुराडें पेटतें. म्हणून हिंवाळ्याच्या तयारींत धुराडें झाडणें हें आवश्यक काम. कोळशाचीं धुराडीं अरुंद. चौदा इंच लांब व नऊ इंच रुंद हें नेहमींचें माप, आणि कित्येक तर नऊ इंचांचीं चौरस. त्यांत मोठा माणूस मावणें शक्य नाहीं. तेव्हां दरिद्री आईबापांचीं किंवा अनाथालयांतलीं चारपांच वर्षांपासूनचीं मुलें धुराडें झाडणारे धंदेवाले उमेदवार म्हणून घेत. गुडघे व कोंपरें यांच्या बळावर पोरानें काळोखांत वर चढावें, डोक्यावरची काजळी खरवडावी, आणि पुन्हां खालीं उतरावें. सोललेलीं कोंपरें कठीण व्हावीं म्हणून तीं मिठाच्या पाण्यानें चोळीत. कित्येक मुलें वळणांत अडकून गुदमरलीं. जीं जगलीं त्यांच्यापैकीं पुष्कळांना वयांत आल्यावर एक विशिष्ट कर्करोग होई; त्याचें कारण काजळी आहे हें पर्सिव्हल पॉट या लंडनच्या शस्त्रवैद्यानें १७७५ सालीं दाखवून दिलें. धंद्यामुळें होणाऱ्या कर्करोगाची वैद्यकाच्या इतिहासांतील ही पहिली ओळख. ज्या मुलांच्या श्रमांनीं घर उबदार होई, त्यांना स्वतःला काजळीच्या पोत्यांवर निजावें लागे. कवि ब्लेक यानें १७८९ व १७९४ सालीं या मुलांवर दोन कविता लिहिल्या. त्या आमच्या अभ्यासक्रमांत असतात, आणि 'फायरसाइड'च्या कविताहि असतात. परंतु दोन्ही कविता एकाच चुलीच्या आहेत, हें आम्ही स्वतः कित्येक वर्षें वर्गांत सांगितलें नव्हतें.

वाचक म्हणतील, त्या काळीं दुसरा उपाय नसेल. येथेंच या इतिहासांतील खरी बोंच आहे. उपाय होता. १७८८ सालीं आठ वर्षांखालील मुलांना या धंद्यांत घेण्यास बंदी करणारा कायदा झाला. तो कोणी पाळला नाहीं. १८०३ सालीं सांध्यांच्या काठ्यांचा व ब्रशाचा एक झाडू तयार झाला. त्यानें बहुतेक धुराडीं पोरावांचून साफ होत. परंतु यंत्रानें काजळी खोलींत सांडून सामान खराब होईल, ही भीति; आणि वळणाचीं धुराडीं बदलण्यास खर्च येईल, ही अडचण. १८१९ सालीं बंदीचें बिल लोकसभागृहांत मंजूर झालें, तें सरदारांच्या सभेंत फेटाळलें गेलें. १८३४ सालीं पुन्हां कायदा. १८४० सालीं एकवीस वर्षांखालील कोणीहि धुराड्यांत चढूं नये असा आणखी एक कायदा. तरी पोरें चढतच होतीं. १८६३ सालीं किंग्स्लेनें अशाच एका पोराला नायक करून 'वॉटर बेबीज' ही गोष्ट लिहिली, आणि १८६४ सालीं पुन्हां कायदा झाला. शेवटीं १८७५ सालीं केंब्रिजजवळ फुलबोर्न येथें जॉर्ज ब्रूस्टर नांवाचा मुलगा धुराड्यांत अडकून मेला. त्याच्या धन्याला सहा महिने सक्तमजुरी झाली. आणि लॉर्ड शाफ्ट्सबरींच्या प्रयत्नानें, पोलिसांच्या परवान्यावांचून कोणालाहि हा धंदा करतां येऊं नये, असा कायदा झाला. तेव्हां कोठें ही चाल थांबली. पहिल्या कायद्यापासून शेवटच्या कायद्यापर्यंत सत्त्याऐंशी वर्षें गेलीं. हीं घरें दुष्टांचीं नव्हतीं. तीं तुमच्याआमच्यासारख्या सुशिक्षित, सद्भावनेच्या, रविवारीं देवळांत जाणाऱ्या कुटुंबांचीं होतीं. त्यांपैकीं कित्येकांनीं ब्लेकची कविता वाचून डोळेहि पुसले असतील. परंतु पोर धुराड्याच्या आंत असतें आणि गालिचा डोळ्यांसमोर असतो, हाच काय तो फरक.

पोरें सुटलीं, पण धूर राहिला. तो आतां सर्व शहराच्या वाट्यास आला. ५ डिसेंबर १९५२ या दिवशीं लंडनवर थंड, निश्चळ हवेचें आवरण बसलें. थंडी वाढली म्हणून घरोघर चुलींत अधिक कोळसा पडला. आणि थंडी वाढली म्हणूनच धूर वर जाईना. एव्हलिननें २६८ वर्षांपूर्वीं टिपलेली तीच जोडी! पांच दिवस दिवसाढवळ्या अंधार होता. एका नाट्यगृहांत धुकें शिरून संगीताचा प्रयोग अर्ध्यावर बंद करावा लागला. धुकें ओसरल्यावर हिशेब झाला, तेव्हां सुमारें चार हजार माणसें त्यानें अधिक मेलीं असें दिसलें. पुढील संशोधकांनीं हा आंकडा बारा हजारांपर्यंत नेला आहे. १९५६ च्या कायद्यानें सरकारनें प्रथमच गृहस्थाच्या खाजगी चुलीच्या धुराला हात घातला. मग वायु आला, वीज आली, गरम पाण्याच्या नळ्या आल्या. आणि १ मे २०२३ पासून तर इंग्लंडांत घरीं जाळण्याच्या पारंपरिक कोळशाची विक्रीच बंद झाली. कवितेंतली ती चूल आतां बहुतेक घरांत शोभेची चौकट होऊन राहिली आहे.

ही परक्या देशाची कथा वाचून आपल्याकडे पाहिलें, तर काय दिसतें? आमच्या आजीचे डोळे नेहमीं लाल असत. फुंकणीनें चूल फुंकतां फुंकतां ती खोकत असे, आणि तें वयाचें लक्षण आहे असें आम्ही सर्व समजत असूं. इंग्रजानें धूर घराबाहेर लोटला, तो पोरांच्या व शहराच्या छातींत गेला. आपण तो घरांतच ठेवला, आणि ज्यांनीं कधीं तक्रार केली नाहीं त्यांच्या डोळ्यांत तो गेला. आमच्या घरीं वायूची शेगडी आली ती आजीच्या मागें. गरीब घरांतल्या बायकांसाठीं वायूच्या जोडण्या देणारी उज्ज्वला योजना तर २०१६ सालची. सवड व्हावयास आपणांसहि कमी वर्षें लागलीं नाहींत.

आज थंडीच्या दिवसांत आम्ही बटण दाबतों आणि गिझरचें पाणी तापतें. न्हाणीघरांत धुराचा मागमूसहि नसतो. परंतु चंद्रपूरच्या किंवा कोराडीच्या वीजकेंद्राच्या उंच चिमण्या कोळशाच्याच आहेत, आणि त्यांच्या आसपासहि माणसें राहतात. तेव्हां न्हाणीघरांत धूर दिसत नाहीं एवढ्यावरून तो नाहींच असें मानण्याचा मोह आम्हीं तरी आतां सोडला आहे.

असो. यापुढें वर्गांत 'फायरसाइड' हा शब्द आला, म्हणजे त्याची ऊब आम्ही मुलांना पूर्वींप्रमाणेंच समजावून देऊं. ती खोटी नव्हती. मात्र त्याच तासाला, चुलीभोंवतीं बसलेल्या त्या सुखी कुटुंबाच्या डोक्यावर, भिंतीच्या आंत, कोंपरांवर चढत असलेलें पोरहि त्यांना दाखवूं.